लवूकाकांची शिडी

“मग तेव्हाच का नाही अडवलंत मला?”

हरेश्वरने विचारलं खरं, पण विचारल्याबरोबर त्याची त्यालाच लाज वाटली.

त्याचे गुरू भिकाबुवा मठातल्या समाधीपाशी बसले होते. वर छप्पर नव्हतं. परवाच्या वादळाने डोंगरावरच्या त्या जुन्या मठाचं छप्पर वाशांसकट उचललं आणि खालच्या माडांत नेऊन आपटलं.

दैव बघा! शेजारच्या गोठ्याची कौलं नुसती मांडलेली, सुटी. ती भराभर उडाली, वारा मधून निघून गेला, वासे जागच्या जागी राहिले. मठाची कौलं मात्र हरेश्वरने मोठ्या हौसेने सिमेंटात बसवून घेतली होती. एकही सुटलं नाही. गेलं ते सगळं एकदमच गेलं.

“बोला ना, बुवा.”

“माझ्या अंथरुणावर पाणी पडायचं रे,” बुवा म्हणाले. “मलाही बरंच वाटलं.”

“पण सिमेंट केल्यापासून एक थेंब गळला नाही, हे तरी माना.” हरेश्वरचा जुना ताठा अजून पुरता गेला नव्हता.

“नाही गळला. आणि गावातलं एक माणूस वर आलं नाही.”

पूर्वी दर वैशाखात अख्खं गाव कौलं परतायला, म्हणजे पावसाआधी काढून पुन्हा नीट मांडायला, मठावर चढायचं. आरडाओरडा, चेष्टामस्करी, पेज आणि फणसाची भाजी… हरेश्वरला त्या गोंधळाचा वीट यायचा. सगळ्यांच्या पुढे लवूकाका, खांद्यावर घरची बांबूची शिडी घेऊन.

सिमेंट झालं त्या वर्षीही ते सवयीने आले.

“आता गरज नाही, काका,” हरेश्वरने दारातच सांगितलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.

म्हातारा शिडी घेऊन उतरला. पुढच्या थंडीत वारला, तेव्हा हरेश्वर त्याच्या दारी गेलाही नाही.

“पाऊस तोंडावर आलाय,” हरेश्वर आता म्हणाला. “समाधी भिजेल. शहरातून माणसं आणतो.”

“आणि गाव?”

“कुठल्या तोंडाने बोलावू? लवूकाका असते तर पाय धरले असते, बुवा. आता कुणाचे धरू?”

बुवांनी कौलाचा एक तुकडा उचलला आणि त्याला चिकटलेलं सिमेंट नखाने खरवडत बसले. ते काही निघेना.

“लवूची बायको आहे ना, जनाकाकी,” ते म्हणाले. “तिच्या पडवीत शिडी टांगलेली आहे. जा, मागून आण.”

हरेश्वर घुटमळला.

“ती दार तरी उघडेल?”

“मला काय ठाऊक!”

“पण बुवा… शिडी मठात आहे की. लोखंडी. नवी.”

बुवांनी तुकडा खाली ठेवला.

“आहे रे. तरी तिची मागून आण.”