माणसं खाणारी बंदूक

रंगराव इनामदारांच्या आजोबांची ठासणीची बंदूक माणसं खाते, असं गाव म्हणायचं. ती गंजकी बंदूक विकत घेऊन जो दुरुस्त करायला बसे, त्याच्या छातीत आपोआप बार उडे. मग घाबरलेले घरचे ती मुकाट्याने इनामदारांच्या ओसरीवर ठेवून येत. "आजोबांना ती दुसऱ्याच्या हाती खपत नाही," एवढं म्हणून रंगराव ती पुन्हा नव्या माणसाला विकत.

शेवटचा बळी गेला भागोजी लोहार. त्याच्या बायकोने, भिवराने, तीच बंदूक पुन्हा विकत घेतली, तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावला.

घरी येताच भिवराने नळीत गज सोडला. मग तोच गज नळीला बाहेरून लावून पाहिला. आत तो बुडाच्या वीतभर अलीकडेच अडत होता.

दुसऱ्या दिवशी तिने भट्टी पेटवली आणि गावासमोर रंगरावांना बोलावलं. वारा नळीच्या तोंडावरून जाई, तशी बंदूक हुंकारत होती. लोक मागे सरकले.

"सरकार, गंज सुटायला नळी तापवावी लागते. आजोबा नातवाला तरी मारायचे नाहीत," म्हणत तिने बंदुकीचं बूड निखाऱ्यात सारलं. तोंड रंगरावांकडे होतं.

"अगं काढ ती!" रंगराव किंचाळले. "आत बार भरलाय!"



"तो मी कालच ओढून काढला, सरकार," भिवरा म्हणाली. "एक बार माझ्या नवऱ्याच्या छातीत गेला. मग हा दुसरा तुमच्या ओसरीवर कुणी भरला? आजोबांनी?"