रेवाचा आवाज

सोनजांब नावाच्या गावात शरयू नावाची एक तरुण शिक्षिका राहत असे. मूल कसे वाढते आणि कुटुंब कसे घडते, याचे शिक्षण तिने शहरातल्या कॉलेजात घेतले होते. तिच्याबरोबरची एक मैत्रीण कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक झाली. दुसरी मोठ्या रुग्णालयात आजारी मुलांचे मन रमवू लागली. शरयूने मात्र आपल्या गावात बालवाडी काढली. लोक हसून म्हणत, "पोरं सांभाळायला कॉलेज कशाला लागतं?" शरयूही हसे आणि पोरांच्या घोळक्यात शिरे.

बालवाडीला खोली नव्हती. मुले देवळाच्या ओसरीत बसत. गावचे सरपंच भुजंगराव यांची नात रेवा तिथेच येई. ती फक्त आईच्या कानात कुजबुजे. इतर कोणाशीही अवाक्षर बोलत नसे. डॉक्टरांनी तपासले, तर कान आणि जीभ दोन्ही ठणठणीत. भुजंगरावांचा जीव नातीसाठी तुटे. पण त्यांचा आवाज असा, की कुजबुज केली तरी वेशीपर्यंत जावी. "बोल की गं! बोल!" असे ते गरजत आणि रेवा आईच्या पदराआड लपे.

एकदा कॉलेजातून निरोप आला. कर्तबगार माजी विद्यार्थिनीचा सत्कार होणार होता आणि शरयूचे काम पाहायला प्राचार्यबाई येणार होत्या. भुजंगराव लगबगीने आले.

"ताई, आमच्या रेवाकडून पाहुण्यांसमोर एक कविता म्हणवून घ्या. दुसऱ्याच दिवशी तुमच्या खोलीचा पाया खणतो!"

शरयूला खोली हवी होती. पावसाळ्यात ओसरीत पाणी शिरे आणि मुले भिजत. तरी ती म्हणाली, "अण्णा, रेवा तयार होईल तेव्हाच बोलेल. तिला भीती घालून मिळालेली खोली मला नको."

भुजंगरावांनी ऐकले नाही. पाहुण्या आल्या, गाव जमले आणि त्यांनी रेवाला उचलून टेबलावर उभे केले. पोरीचे ओठ थरथरले. डोळे भरून आले. शरयू पुढे झाली आणि तिने रेवाला अलगद खाली घेतले.

"आज रेवा ऐकणार आहे," ती सर्वांना म्हणाली. "कविता मी म्हणते."

तिने कविता म्हटली, मुलांनी टाळ्या पिटल्या. भुजंगराव मात्र पाय आपटत निघून गेले. खोली राहूनच गेली. सत्कारही न्यायालयातल्या मैत्रिणीचा झाला. शरयू तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन गेली आणि सर्वांत आधी तिनेच टाळी वाजवली.

पुढे एका सकाळी ओसरीच्या कोपऱ्यात कोंबडीची अंडी फुटून पिल्ले बाहेर आली. मुले गोल करून बसली. रेवाने एक पिल्लू ओंजळीत घेतले आणि ते तिथेच डुलक्या घेऊ लागले. तेवढ्यात नातीचा डबा घेऊन भुजंगराव आले.

"रेवा! अगं, डबा विसरलीस!"

पिल्लू दचकले. रेवाने कपाळाला आठ्या घातल्या आणि ती स्पष्ट म्हणाली, "आजोबा, हळू बोला ना! बाळ झोपलंय."

भुजंगरावांच्या हातातला डबा गळून पडला. शरयूने ओठांवर बोट ठेवले. तेव्हा तो धिप्पाड माणूस नातीशेजारी मांडी घालून बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "चुकलं गं बाय. नाव काय ठेवलंस त्याचं?"

"लाडू," रेवा म्हणाली. मग ती बोलतच राहिली आणि आजोबा डोळे पुसत ऐकत राहिले.

त्या संध्याकाळी पारावर भुजंगराव प्रत्येकाला ही गोष्ट कुजबुजत सांगत होते आणि गाव पोट धरून हसत होते. बालवाडीची खोली कोणी न मागता उभी राहिली.

दुसऱ्या वर्षी सत्कार शरयूचा झाला. प्राचार्यबाईंनी विचारले, "तुमचं सर्वांत मोठं यश कोणतं?"

शरयू म्हणाली, "आमच्या गावात एक नात बोलायला शिकली आणि तिचे आजोबा ऐकायला शिकले."

तात्पर्य: मुलाला फुलवायचे, तर आधी घराला ऐकायला शिकवावे, आणि जो मुलाच्या मनापुढे स्वतःचा मान मोठा मानत नाही, त्याचेच शिक्षण सार्थकी लागते.