शंभर मोत्यांचा लेप

सोनवळे संस्थानात राणीसाहेबांच्या गालांवर वांगाचे काळे डाग उठले. राजवैद्य धुंडिराजशास्त्र्यांनी लेपासाठी जामदारखान्यातून शंभर मोती मागून घेतले. "मोत्यांशिवाय हा लेप म्हणजे नुसता चिखल!" असं त्यांनी भर दरबारात ठणकावलं.

तीन महिन्यांत डाग गेले. शास्त्रीबुवांच्या खांद्यावर मानाची शाल पडते न पडते तोच जामदार धावत आला. ते मोती सराफाकडे सापडले होते, शंभरच्या शंभर!

"सरकार, ही चोरी तानूबाईची!" शास्त्री ओरडले. "लेप तीच वाटते. मोती मी तिच्याच हाती दिले होते."

राणीसाहेबांची दासी तानूबाई पुढे आली. आपण नाही म्हटलं तर ऐकणार कोण? तिने हात जोडले. "माझंच पाप समजा, बुवा. पण लेपात मोती नव्हतेच, तर राणीसाहेबांचे डाग गेले कशाने? चिखलाने?"

दरबारात खसखस पिकली. शाल हातची जाते की काय, या धास्तीने शास्त्री घाईघाईने म्हणाले, "अगं, ज्येष्ठमध होतं ना त्यात! डाग घालवतं ते ज्येष्ठमधच. त्यातली साय कातडी मऊ ठेवते, एवढंच."

"असं?" महाराज सावकाश म्हणाले. "मग आमचे शंभर मोती तुम्हाला कशाला हवे होते?"

शास्त्रीबुवा शालीचं टोक चाचपू लागले.

"मोती अगदीच वाया नाही गेले, सरकार," तानूबाई म्हणाली. "बुवांचा चेहरा बघा. न लावताच कसा पांढराफटक पडलाय!"