बरी झालेल्या कुमुदबाई

"मी बरी झाले की नाही, भंते? तेवढंच सांगा."

टेकडीवरच्या बुद्धविहारातले भिक्खू भंते रेवत पायथ्याशी पाचोळा झाडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, झालात."

"मग?"

याच 'मग'साठी तर कुमुदबाई लोणारे आल्या होत्या.

मुख्याध्यापिका म्हणून बाईंनी अख्ख्या गावाला धाकात ठेवलं होतं. स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा गाव म्हणालं, आता कॅन्सरची काही धडगत नाही. आणि तसंच झालं. केमो झाली, रेडिएशन झालं, गाठ गेली. मग सत्कार सुरू झाले. बाई व्यासपीठावर उभ्या राहून सांगायच्या, "हिंमत असली की रोग पळतो." लोक टाळ्या वाजवायचे.

आणि रोग पळाला होता, तर मग हे काय होतं? चपला घट्ट का होत होत्या? आडवं झालं की कुणी उरावर बसल्यासारखं का वाटायचं?

"वर चला," झाडू भिंतीला टेकवत भंते म्हणाले. "विहारात बसून बोलू."

दोघं पायऱ्या चढू लागले. थोडं चढून झालं, तशी बाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी पदराने तोंड पुसलं. थांबायचं मात्र नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

भंते थांबले.

"दमलो बुवा," म्हणाले, आणि पायरीवर बसले.

बाईही टेकल्या. मनातून त्यांना बरंच वाटलं.

"तुमच्या वयाला दमता, भंते? मी केमो घेऊन शाळेत जायची."

"हो?"

"हो तर!"

पुन्हा चढले. पुन्हा भंते बसले. या वेळी छातीला हात लावून.

"आता माझ्याच्यानं होत नाही, ताई. इथेच राहू."

बाईंना हसू आलं. पण हसायला लागणारा श्वासच सापडेना...

इतक्यात वरून रिकामी घागर घेऊन एक बाई उतरत आली. भंतेंना पाहून थबकली.

"काय झालं जी, भंते? सकाळी तर पाण्याच्या दोन घागरी घेऊन वर चढले तुम्ही! मी मागून हाका मारत होते, तरी थांबले नाही."

भंते पायरीवरचा पाचोळा हाताने बाजूला सारू लागले.

कुमुदबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कपाळ कोरडं होतं. श्वास संथ होता.

मग हा माणूस बसला का? खोटं न बोलण्याचं शील ज्याने इतकी वर्षं दुसऱ्यांना दिलं, तो... बाईंना काही उमजेना. राग आला, लाजही वाटली, आणि यातलं नेमकं काय वाटतंय तेही कळेना.

मग त्या म्हणाल्या, "मला आडवं होता येत नाही, भंते. रात्रभर उशा लावून बसून असते. पाय सुजतात."

"डॉक्टरांना सांगितलं?"

"नाही."

"त्यांनी विचारलं नाही?"

"विचारतात. दर वेळी विचारतात. या औषधांचा हृदयावर ताण येतो, दम लागला तर लगेच सांगा, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं." बाईंनी पायांवर पदर ओढला. "मी म्हणते, एकदम छान आहे. मग ते इतके खूश होतात..."

भंतेंनी हात पुढे केला. बाईंना आधी वाटलं, उठायला आधार देताहेत. पण हात त्यांच्या पिशवीतल्या फोनकडे होता.

फोनवर डॉक्टर म्हणाले, आहात तिथेच बसा, एक पाऊलही टाकू नका. गावातल्या पोरांनी खुर्ची आणून बाईंना तीत बसवून खाली उतरवलं आणि गाडीत घातलं.

तपासण्या झाल्या. कॅन्सर कुठेच नव्हता. हृदय मात्र थकलं होतं. निम्म्या ताकदीनं चाललं होतं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. औषधं सुरू झाली. सूज उतरली. बाईंना सपाट झोपता येऊ लागलं.

भंते दवाखान्यात भेटायला आले, तेव्हा बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"ज्या औषधानं वाचवलं, त्यानंच हृदय दमवलं म्हणतात. त्याला नावं ठेवू की हात जोडू? मी जिंकले की हरले? मला तर आता काहीच कळत नाही, भंते."

भंतेंनी पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी ठेवला.

"बरं, निदान एक तरी सांगा. त्या दिवशी तुम्ही दमला नव्हतात."

"नव्हतो."

"मग खोटं बोललात? तुम्ही?"

भंते उठले. चीवर सावरलं. दारापर्यंत गेले आणि थांबले...

"दम तर लागलाच होता, ताई. कुणाला, तेवढंच ठरायचं होतं."