एरंडीपासून मोहरीपर्यंत

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची म्हणाल, तर बैल माणसांशी बोलायचे आणि माणसं त्यांचं ऐकायचीसुद्धा, तेव्हाची!

एका नदीकाठी एक गाव होतं. या गावात ना, प्रत्येक घरात तेलाचा घाणा. कुणी तीळ गाळायचं, कुणी जवस, कुणी करंज. सकाळ झाली की सगळ्या गावातून एकच आवाज, करकर, करकर. कान दुखला? तेल. गुडघा फुटला? तेल. नवरा-बायकोचं भांडण झालं तरी शेजारीण वाटीभर तेल घेऊन हजर, "डोक्यावर थाप, शांत होशील!"

या गावात करंजाचं तेल काढणारा एक घाणेवाला राहायचा. एकटाच. त्याच्या घरात दोनच जीव, ढवळ्या नावाचा बैल आणि पेंड्या नावाचं कुत्र्याचं पिल्लू. तेल निघाल्यावर बियांचा जो चोथा उरतो, ती पेंड. त्या पेंडीच्या पोत्यावर हे पिल्लू दिवसभर लोळायचं, म्हणून नाव पेंड्या.

पेंड्याची आई साप चावून गेली होती. तेव्हा पिल्लाचे डोळेही उघडले नव्हते. घाणेवाल्याने कापसाची वात दुधात बुडवून बुडवून त्याला जगवलं होतं. आता ते तीन महिन्यांचं झालं होतं आणि धन्याच्या टाचा चावत मागे मागे पळायचं.

एक दिवस पेंड्या उताणा पडून पाय झाडत होता. घाणेवाल्याने गमतीने त्याच्या पोटावर बोट फिरवलं, तर मांडीजवळ, जिथे केस नसतात ना, तिथे दोन लाल पुळ्या. मोहरीएवढ्या. टोकाला जराशा पिवळ्या.

"एवढंच ना?" घाणेवाला म्हणाला. "माझ्या करंजासमोर हे काय टिकतंय!" आणि त्याने चांगलं चोळून चोळून तेल लावलं.

पेंड्याने ते चाटलं, मग तसाच जाऊन पोत्यावर लोळला. ते पोतं होतं पाण्याच्या रांजणाशेजारी. रांजण पाझरायचा आणि पोतं कायम ओलं असायचं. पण पोत्याकडे बघतो कोण? तेलाला पेंडीचा भुगा चिकटला, भुग्याला ओल लागली. दुसऱ्या दिवशी पुळ्या दोनाच्या सहा.

शेजारची जवसवाली मावशी आली. "अरे, करंज लावतोस? करंज उष्ण! माझं जवस लाव." लावलं.

मग तिळवाले काका आले. "जवसाने कधी कुणाचं बरं झालंय का? सरक, माझं तीळतेल कोमट करून आणलंय." तेही लावलं.

दहा दिवसांत पेंड्याच्या पोटावर सगळ्या गावाचं तेल बसलं. पोट चिकट झालं, आंबूस वास मारायला लागलं. पेंड्या चाटायचा, खाजवायचा, पुन्हा चाटायचा. पुळ्या फुटून एक मोठा ओला चट्टा झाला, एरंडीच्या बीएवढा. मजा म्हणजे, माझ्या तेलाने वाढलं असेल, असं एकाच्याही मनात आलं नाही. प्रत्येकाला वाटायचं, शेजाऱ्याच्या तेलाने वाढलं.

शेवटी बाजाराच्या दिवशी पाटील आले. नाकाला उपरणं लावूनच आले.

"ही खरूज आहे," पाटील म्हणाले. "उद्या सगळ्या गावाला होईल. गिऱ्हाईक म्हणेल, खरजुल्या कुत्र्याच्या गावचं तेल नको. पुढच्या बाजारापर्यंत बरा झाला तर ठीक. नाहीतर मी पोतं घेऊन येतो आणि याला नदीपलीकडच्या रानात सोडतो."

नदीपलीकडे तरस होते. तीन महिन्यांचं पिल्लू तिथे एक रात्रसुद्धा काढू शकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाणा थांबला. घाणेवाल्याने ढवळ्याच्या डोळ्यांवरची झापडं काढली आणि पेंड्याला मांडीवर घेऊन तिथेच बसला. डोळे भरून आले होते.

"मालक, एक विचारू?" ढवळ्या म्हणाला.

"विचार बाबा. तुझंही काही तेल असेल तर तेही सांग."

"माझं कुठलं तेल! गेल्या उन्हाळ्यात जुवाखाली माझी मान सोलली होती. आठवतंय?"

"आठवतंय की."

"तेव्हा तुम्ही काय लावलं होतं?"

घाणेवाल्याने आठवून बघितलं. "काहीच नाही. धुवायचो, कोरडी करायचो. चार दिवस जू ठेवलं नव्हतं."

"तेल का नाही लावलं?"

"तेल लावलं की जू घसरतं ना!"

"म्हणजे जू घसरू नये म्हणून मी वाचलो," ढवळ्या शेपटी उडवत म्हणाला. "या बिचाऱ्याच्या मानेवर जू नाही, म्हणून याला सगळं गाव तेल चोपडतंय. झापडं मला बांधता मालक, पण बघत नाही तुम्ही. याचे कान बघा. कोपरं बघा."

घाणेवाल्याने बघितलं. कानांच्या कडांवर केस नीट होते. कोपरंही चांगली होती.

"खरूज असती तर आधी तिथले केस गेले असते, खाजवून खाजवून याने झोप घेतली नसती. आणि रोज मांडीवर घेताय, तुमच्या हाताला खाज आहे?"

"नाही रे!"

"मग? साधी ओलीची पुळी होती ती. तेल पुसा, जागा कोरडी ठेवा. पण एक लक्षात ठेवा. चट्टा वाढला, पू वाहायला लागला, अंग तापलं, खाणं सोडलं, तर माझं ऐकत बसू नका. सरळ उचला आणि गुरांच्या वैद्यांकडे न्या."

घाणेवाला उठला. पाणी उकळलं, कोमट होऊ दिलं. आधी डाळीच्या पिठाने हलक्या हाताने तेलाचा चिकटा काढला. मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने धुतलं, आणि चोळलं नाही, नुसतं टिपून टिपून कोरडं केलं. रांजणाशेजारचं पोतं फेकलं. पेंड्याची जागा उन्हाच्या ओसरीवर नेली आणि त्याचं अंथरूण रोज वाळवायला लागला. चाटू नये म्हणून एका छोट्या टोपलीचं बूड कापून ती त्याच्या गळ्यात अडकवली. पेंड्या असा काही दिसायला लागला की ढवळ्याने दोन वेळा तोंड फिरवून हसून घेतलं!

आणि घाणेवाल्याने अजून एक केलं. ओसरीच्या कठड्यावर त्याने एरंडीची एक बी ठेवली. आज चट्टा एवढा आहे. उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी, एरंडी. त्याने पहिल्या बीशेजारी दुसरी ठेवली.

मावशी वाटी घेऊन आली. "मावशी, नको," तो म्हणाला.

"नको? आमचं जवस आता तुला चालेना होय! पाणी लावतोय म्हणे. तेलाच्या गावात राहून पाणी!"

काका ओट्यावरूनच ओरडले, "अहो, त्याला बैलाने अक्कल दिलीय. आता बैलालाच पाटील करूया!"

तिसऱ्या दिवशीही एरंडीच. घाणेवाल्याचा धीर सुटला. तो आत गेला, करंजाची बुधली उचलली. थोडंसंच लावतो, त्याला वाटलं. स्वतःच्या हाताने काढलेलं तेल, ते कसं वाईट असेल?

पण लावायच्या आधी त्याने वाकून नीट बघितलं. चट्टा तेवढाच होता, पण कडा ओल्या नव्हत्या. कोरड्या झाल्या होत्या. आंबूस वासही गेला होता. पेंड्याने टोपलीतूनच त्याच्या नाकाला जीभ लावली.

त्याने बुधली परत जागेवर ठेवली.

चौथ्या दिवशी करडई. पाचव्या दिवशी जवस. सहाव्या दिवशी तीळ!

सातव्या दिवशी पाटील आले. हातात पोतं. मागे मावशी, काका आणि निम्मं गाव.

घाणेवाल्याने पेंड्याला उताणं केलं. पोट स्वच्छ गुलाबी. मांडीजवळ एक बारीकसा कोरडा ठिपका. मग त्याने कठडा दाखवला. तीन एरंडी, एक करडई, एक जवस, एक तीळ, आणि आज सकाळी ठेवलेली मोहरी.

मावशीने डोळे बारीक करून एकेक बी बघितली. तेलाच्या गावात अक्षरं सगळ्यांना येत नव्हती, पण बिया सगळ्यांना वाचता यायच्या.

पाटलांनी नाकावरचं उपरणं काढलं. "बरं झालं की रे! कुणाच्या तेलाने?"

सगळे पुढे वाकले. काकांनी तर मिशीसुद्धा सारखी केली.

घाणेवाल्याने एकदा आपल्या घाण्याकडे बघितलं. मग म्हणाला, "कुणाच्याच नाही. मोहरीएवढं होतं तेव्हा पहिलं तेल मीच लावलं. माझ्याच करंजाने ते एरंडीएवढं केलं. माझं तेल चांगलंय पाटील, पण याला ते नको होतं. याला कोमट पाणी हवं होतं आणि कोरडी जागा. आणि रोज कुणीतरी नीट बघायला हवं होतं."

लांबून कुणाचा तरी घाणा करकरत होता.

मावशीने हातातली वाटी हळूच पदराआड केली. मग खाली बसली आणि पहिल्यांदाच, तेल न लावता, पेंड्याच्या पोटावरून हात फिरवला.

पाटलांनी हातातलं पोतं उलगडलं, दोनदा झटकलं आणि ओसरीवर उन्हात अंथरलं. "कोरडं आहे," ते म्हणाले. "याच्यावर झोपव त्याला."

पेंड्या टोपलीसकट त्या पोत्यावर गोल फिरला आणि मधोमध पसरला.

तेव्हापासून त्या गावात कुणाच्याही जनावराला पुळी-चट्टा झाला, की लोक तेलाच्या बुधलीला हात लावायच्या आधी कठड्यावर तेवढीच एक बी ठेवतात, रोज एक. आणि बी मोठी होत चालली, की वैद्यांकडे जातात.

बोध: ज्याच्यावर आपली माया आहे, त्याला आपल्याकडचं काही देण्याआधी त्याला काय हवंय ते नीट बघावं.