देवीच्या गाड्याचं जू

काळ्या मातीच्या एका गावात बैल इतके धिप्पाड होते, की त्यांच्या पाठीआड उभा माणूस दिसत नसे. गावाची एक रीत होती. दरवर्षी उंच, रुंद छातीचे सगळे खोंड निवडायचे, खच्ची करायचे आणि कामाला जुंपायचे. त्यांतल्या सर्वांत देखण्या जोडीला देवीचा गाडा ओढण्याचा मान. ठेंगणे, कुणालाच नको असलेले खोंड तेवढे गायींमध्ये चरत राहायचे. पुढची वासरं त्यांचीच होत.

वर्षं गेली. बैल लहान होत गेले, तसं सुतार गाड्याचं जू कापून आखूड करत गेला. एका वर्षी गाडा चढावर अडलाच.

"गुराखीण नीट चारत नाही. गवतातही कस उरला नाही," पाटील म्हणाला.

गुराखीण विधवा होती. तिचा नवरा या लोकांना खरं कारण सांगता सांगता गेला होता. त्याने हाताने पाणी पाजून वाढवलेला एकच उंच खोंड आता कळपात उरला होता. पाटील आणि त्याची माणसं दोर घेऊन आली, तेव्हा ती आडवी उभी राहिली.

"याला गायींत राहू द्या. याची वासरं होऊ द्या."

"मग गाड्याला काय, शेळ्या जुंपू?"

"पाटील, गवत वाईट ना? मग त्याच गवतावर हा एवढा कसा झाला? याची आई जुन्या उंच गायीची. रक्तातलं आहे ते. आणि हा शेवटचा आहे!"

"म्हातारे, देवीच्या मानाआड येतेस?"

माणसांनी खोंड पाडला आणि खच्ची केला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आता जू अजून किती कापाल?"

त्या बैलाने आठ वर्षं गाडा ओढला आणि मग तो बसला. नवी जोडी आणली, ती गुराखिणीच्या कमरेला लागत होती. गाडा तसूभर हलेना. यात्रेच्या सकाळी पाटील तिच्या दारात आला.

"आजी, एखादा मोठा खोंड काढा ना कळपातून."

"कुठून काढू? जो त्याचा बाप झाला असता, त्याला तुम्ही माझ्यासमोर पाडलंत."

तिने दार लावून घेतलं.

गाडा तर निघायलाच हवा होता. सुतार करवत घेऊन आला. पण या वेळी काही कापावं लागलं नाही. इतकी वर्षं आखूड केलेलं जू पाटलाच्या आणि त्याच्या भावाच्या खांद्यांवर अगदी बरोबर बसलं.

तात्पर्य एवढंच: जे उत्तम ते सगळं आजच जुंपून टाकणाऱ्यांनी, उद्या निकृष्ट हाती आलं म्हणून गवताला दोष देऊ नये.