ओगलेबाईंचा आलेख

प्राचार्य चांदोरकरांना खुर्चीचा गर्व होताच, पण त्याहून जास्त होता तो आपल्या रसायनशास्त्राचा. एके दिवशी भर प्रयोगशाळेत, सगळ्या प्राध्यापकांसमोर, त्यांनी ओगलेबाईंना फैलावर घेतलं.

"ओगले सर जाऊन वर्ष झालं, मॅडम. दुःखालाही काही मुदत असते. उद्या त्यांचं टेबल इथून हलवतोय."

नवरा-बायको त्याच प्रयोगशाळेत शेजारी शेजारी काम करत. आता बाई रोज एकट्याच दोन्ही टेबलं पुसत.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर उतरत जाणारी एक रेघ काढली. "सर, एवढं सांगा. हे दर तीन महिन्यांनी निम्मं होतंय. आधी निम्मं, मग निम्म्याचं निम्मं."

चांदोरकर खुलले. "अहो, ही तर पहिल्या कोटीची अभिक्रिया! बारावीचं पोरही सांगेल."

"मग संपेल कधी?"

"संपतेय कसली! जेवढं उरलंय, त्याच्या निम्मंच जाणार. थेंबभर होईल, पण शून्य कधीच नाही. लिहून देतो!"

"द्या," बाई म्हणाल्या. "सकाळी चुकून मी दोघांचा चहा टाकते. महिन्यातून किती वेळा, त्याचा हा आलेख आहे."

चांदोरकर तडक आपल्या खोलीकडे निघाले. टेबल जागचं हललं नाही.

संध्याकाळी ही फजिती नवऱ्याला सांगायला बाई लगबगीने घरी निघाल्या, आणि फाटकाशी आल्यावर थबकल्या.